कागदाला वळण लावताना

आदिलाबाद जिल्ह्यातील निरनिराळ्या मराठी माध्यमाच्या शाळांत ३४ वर्षे मुलांना वळण लावण्याची नोकरी करून, आणि त्यांतील बहुतेकांना ते न लागताही ती सुखरूप संसाराला लागलेली पाहून, मी सेवानिवृत्त झालो, त्या वेळी माझी अशी प्रामाणिक समजूत होती की, जगात वळण लावावयाचे म्हणून माझ्या वाट्याचे आता काही उरलेले नाही. ही समजूत किती भ्रामक होती, हे गेल्या फेब्रुवारीत मला एका कागदाने शिकविले. त्याला वळण मी लावले नव्हते. ते त्याने आपले आपणच लावून घेतले, आणि ते काढावे कसे या विवंचनेत माझे तीन आठवडे, कागदाची दोन रिमे, शाईच्या चार बाटल्या व घरातील पुष्कळशी शांतता खर्ची पडली.

प्रकरणाची हकीकत अशी. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून पैनगंगेच्या पलीकडे सरकारी इतमामाने साजरा होतो. पैनगंगेच्या अलीकडे आम्ही तो स्वखर्चाने साजरा करतो. त्यासाठी गावातील मराठी मंडळींची एक समिती आहे. तिच्यात ११ सभासद आणि सुमारे १४ मते आहेत. या समितीने यंदा ३१ सेवानिवृत्त मराठी शिक्षकांचा शाल, श्रीफळ व मानपत्र देऊन सत्कार करण्याचे ठरविले. शालीचा प्रश्न सुटला, श्रीफळाचा तर नव्हताच. मानपत्रांच्या छपाईचा दर ऐकल्यावर मात्र खजिनदारांच्या मुखावर अशी काही अवकळा पसरली की, ती न पाहवून मी म्हणालो, “आमच्या घरी यंत्र आहे.”

एवढे एकच वाक्य. परंतु समितीच्या इतिवृत्तात ते अक्षरशः नमूद झाले, आणि पुढे माझ्याविरुद्ध तेच पुरावा म्हणून वारंवार रुजू करण्यात आले.

यंत्र होते ही गोष्ट खरी. हैदराबादेस नोकरीला असलेल्या चिरंजीवांनी ते गेल्या दिवाळीत आणून दिले होते. त्याच्या कुशीला चार लहान टाक्या असून त्यांत बाटलीने शाई ओतावयाची असते. मी तोवर त्यावर पाणीपट्टीच्या पावतीची नक्कल आणि नातवाच्या चित्रकलेच्या वहीसाठी एक मोर, एवढेच छापले होते. मानपत्राचा मसुदा मीच केला. त्यात पहिले क्रियापद सोळाव्या ओळीत येत असे, आणि तेथवर पोहोचेपर्यंत सत्कारमूर्ती ज्ञानसूर्य, चारित्र्यमेरू व विद्यार्थिवत्सल अशा तीन अवस्थांतून जाई. समितीने मसुदा न वाचताच मंजूर केला आणि आपले सर्व लक्ष किनारीवर केंद्रित केले. किनार हवी, ती चांगली चार बोटे रुंद हवी, तिच्यात निर्मळच्या चित्रांतल्यासारख्या वेली व फुले हवीत, जमीन गडद निळी हवी आणि अक्षरे किरमिजी. मी मान डोलावली. गडद निळी जमीन म्हणजे कागदावर पाण्याचा पाट सोडणे आहे, हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही. त्या शाईत रंग नावापुरता आणि पाणीच बहुतांश असते. यंत्रातली सूक्ष्म छिद्रे सुकून बसू नयेत म्हणून वर थोडेसे ग्लिसरीनच्या जातीचे द्रव्य घालतात. म्हणजे आदिलाबादच्या थंडीत आमच्या ओठांची जी व्यवस्था, तीच त्या यंत्राच्या तोंडाची.

रात्री साडेनऊला मी पहिला कागद यंत्राच्या तोंडी दिला. तो बाहेर आला तेव्हा हाताला गार लागत होता, आणि त्याने कासवासारखी पाठ वर काढली होती: कडा खाली, मध्य वर. मला वाटले, ही नम्रता आहे; मानपत्राने प्रथम आपणच वाकावे यात औचित्यही आहे. काही मिनिटांनी त्याने जणू मत बदलले. तो हळूहळू सपाट झाला. मी मनात “शाबास” म्हणतो न म्हणतो, तोच उलट अंगाने उचलू लागला. प्रथम डावी कड टेबलावरून सुटली, मग उजवी. दोघी एकमेकींच्या दिशेने झुकत चालल्या, आणि त्या निःशब्द रात्री अगदी बारीक ‘चर्र’ असा आवाज येत राहिला, वाळलेल्या तुरीच्या शेंगेला ऊन लागले म्हणजे येतो तसा. बघता बघता ज्ञानसूर्य डाव्या कडेखाली मावळला, विद्यार्थिवत्सल उजव्या कडेखाली दडला, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत फक्त “आपण सदैव” एवढेच उरले.

एखादा कागद हट्टी निघतो, वर्गात एखादा मुलगा असतो तसा, अशी मी समजूत घातली आणि उरलेले ३० छापले. सकाळी खोलीचे दार उघडले तो भुईवर ३१ कौले मांडून ठेवलेली. सौभाग्यवतींनी चहाचा कप हातात देता देता त्यांच्याकडे क्षणभर पाहिले.

“अहो, मागच्या पडवीचं छप्पर गळतंय,” त्या म्हणाल्या. “ह्यांवर लोकांची नावं नसती तर वर चढवली असती.”

कागदाच्या बाबतीत असा अपमान आमच्या जिल्ह्याने सोसावा हे दैवाचे वैचित्र्य आहे. कारण एके काळी कागद हे आमच्या घरचे पीक होते. निजामाच्या अमदानीत सिरपूरजवळ बांबूच्या जंगलाशेजारी कागदाची गिरणी निघाली, १९४२ मध्ये तिचा कागद बाहेर पडू लागला, आणि कोत्तापेट नावाचे खेडे कागजनगर होऊन बसले. कागद आमचा, बांबू आमचा, निर्मळची चित्रे आमची, असा आमचा थाट होता. परंतु या जिल्ह्याच्या कडाच पहिल्यापासून आत वळत आलेल्या आहेत. १९५६ मध्ये किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी एका जिल्ह्याचे चार झाले, तेव्हा कागजनगर आसिफाबादेकडे गेले, निर्मळ स्वतःच जिल्हा झाले, आणि आमच्या पदरी मधल्या पट्टीतला कापूस तेवढा राहिला. निर्मळच्या कारागिरांनी चित्रे लाकडावर काढली, ती उगाच नव्हे, असे आता मला वाटू लागले आहे.

पहिली दरखास्त मी बसस्थानकाजवळच्या दुकानातील, शाई विकणाऱ्या मुलाकडे नेली. मुलगा तेलुगू, माझ्याशी तो ज्या भाषेत बोलतो तिला तो मराठी समजतो आणि मी हिंदी. त्याने माझे कौल दोन बोटांत धरले, उजेडाकडे केले, आणि वैद्याने जिभेकडे पाहावे तसे पाहिले.

“सार, कागद पतला हाय. पंच्याहत्तर जीएसएम. हा अर्ज लिहायचा कागद हाय.”

“जाड घेतला तर वळणार नाही?”

“वळते सार. पन लाजून वळते.”

या मुलाने सहज सांगितलेल्या गोष्टीत केवढे गणित दडलेले आहे, ते मला पुढे कळले. वस्तूची जाडी दुप्पट केली की तिचा ताठपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. त्यामुळे जाड कागदाला वाकविताना त्याच शाईची दमछाक होते. माणसांतही जाडी आणि ताठा यांचे प्रमाण असेच असते, असे समितीच्या अध्यक्षांकडे पाहून मला पूर्वी वाटे. त्याला शास्त्राचा आधार आहे हे नव्हते ठाऊक.

दुसरी साक्ष एका जुन्या छापखान्याच्या मालकाची. ज्यांचा दर आम्ही नाकारला होता त्यांच्याच दारी सल्ला मागावयास जाणे लाजिरवाणे खरेच. पण शिक्षकाची लाज वेतन आयोगांच्या काळातच झिजलेली असते. त्यांनी मला बसविले, पाणी दिले, आणि विचारले, “सर, ग्रेन पाहिला होता का?”

मी गप्प. त्यांनी एक कोरा कागद घेतला व वरून खाली फाडला. तो दोरी धरल्यासारखा सरळ फाटला. मग त्याच कागदाचा तुकडा आडवा फाडला. त्याची रेघ वेडीवाकडी, मांजराने ओरबाडल्यासारखी. “गिरणीत कागद धावत्या जाळीवर तयार होतो,” ते म्हणाले, “त्यामुळे त्याचे बहुतेक तंतू एकाच दिशेला झोपतात. ओल लागली की तंतू लांबीत वाढत नाही म्हणा ना, रुंदीत फुगतो. छापलेली बाजू फुगली की कागद पाठ काढतो. तीच बाजू वाळताना आखडली की तो पोटाकडे गोळा होतो. आणि सुरळी होते ती ग्रेनच्या रेघेला धरून.” ३४ वर्षे मी कागदावर लिहिले, कागद तपासले, रागाच्या भरात काही फाडलेही, पण त्याला दिशा असते हे मला कोणी सांगितले नाही, आणि मीही ते कोणाला शिकविले नाही. निघताना त्यांनी आणखी एक उपाय सांगितला: “किनार काढून टाका, निम्मं दुखणं जाईल.”

तो उपाय मी समितीपुढे ठेवला. तिकडे एक क्षण अशी शांतता पसरली, जशी शोकप्रस्तावानंतरसुद्धा आमच्याकडे पसरत नाही.

“किनार काढली,” अध्यक्ष म्हणाले, “तर मानपत्रात आणि वीजबिलाच्या नोटिशीत फरक काय राहिला?”

किनार राहिली. कागद सरळ करून आणण्याची जबाबदारी एकमताने माझ्याकडे मुक्रर करण्यात आली.

मग मी बुद्धिजीवी माणसाचा स्वाभाविक उपाय केला: ग्रंथांचा आश्रय घेतला. मराठी विश्वकोशाचे खंड आमच्या कपाटात पुष्कळ वर्षांपासून आहेत. पाहुण्यांवर त्यांचा चांगला प्रभाव पडतो. ते एकेक उतरवून मी त्या कौलांवर रचले. नातू हे पाहत उभा होता.

“आजोबा, ह्या पुस्तकांत कागद कसा सरळ करायचा ते लिहिलं असेल ना?”

“असेल.”

“मग उघडून का नाही बघत?”

मुलांना प्रश्न विचारावयास शिकवावे, असे मी प्रशिक्षण वर्गांत सांगत असे. ते सांगताना मला स्वतःला नातू नव्हता. तीन दिवसांनी खंड उचलले. कागद सपाट होते. मी विजयी मुद्रेने सौभाग्यवतींना हाक मारली. त्या पदराला हात पुसत दारात येईपर्यंत ३१ मानपत्रे, शाळा सुटल्याची घंटा झाल्याप्रमाणे, एकामागून एक उठून पुन्हा आपापल्या वळणावर गेली. वाळून ताठलेल्या कागदावर नुसता भार ठेवून उपयोग नसतो. भार आहे तोवर तो हजेरी देतो, इतकेच.

तिसरे पंच आमचे शेजारी, कापसाचे अडते. आदिलाबादच्या मार्केट यार्डात दिवाळीच्या सुमारास जो कापूस येतो त्याचे भवितव्य त्याच्या पांढरेपणाहून त्यातील ओलाव्यावर अधिक ठरते. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण हमीभाव. त्यावर दर टक्क्यामागे कपात. आणि १२ च्या वर गेला की गाडी मागे फिरवा. त्यामुळे या गावात ओलाव्यावर जितकी भांडणे होतात तितकी पाटाच्या पाण्यावरही होत नसतील. आता कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, आणि कागद म्हणजे लाकडातून-बांबूतून काढलेले सेल्युलोज. दोघे सख्खे नसले तरी चुलतभाऊ, आणि हवेतले पाणी पिण्याचे व्यसन दोन्ही घरांत सारखेच. तेव्हा शेजाऱ्यांनी आपले ओलावा मोजण्याचे यंत्र आणले, मानपत्रांची चळत त्याच्या कपात कोंबली, आणि कळ दाबली. काटा जागचा हलेना.

“सर,” ते आदराने म्हणाले, “माल एकदम वाळेल हाय. काहीच कटत नाही. पूर्न भाव भेटते.”

माझ्या लिखाणाला पूर्ण हमीभाव मिळाल्याचे आयुष्यातील हे एकच उदाहरण. पण यंत्राने निदान बरोबर केले होते. आमच्याकडे हिवाळ्यात पारा पाचाच्या आसपास उतरतो, मे महिन्यात पंचेचाळिसाच्या घरात चढतो. आणि या दोहोंच्या मध्ये फेब्रुवारीत जो कोरडा वारा सुटतो तो कागदाच्या अंगातली उरलीसुरली ओलही शोषून नेतो. कागदाला हवेत ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. मी मात्र रिमाचे वेष्टन, जे गिरणीने ओल आतबाहेर होऊ नये म्हणूनच घातलेले असते, ते दिवाळीतच फाडून नातवाच्या वहीला कव्हर घातले होते, आणि कागद खिडकीत उघडे ठेवले होते.

कागद कोरडा, तर त्याला पाणी द्यावे! शेजाऱ्यांची पाठ वळताच मी परटाचे अनुकरण करून तोंडात पाणी धरले आणि चळतीतल्या सर्वांत वरच्या मानपत्रावर एक फवारा सोडला. परीट हे काम ज्या सहजतेने करतो ती त्याच्या पिढ्यांची कमाई आहे. माझ्या मुखातून फवाऱ्याऐवजी एक लहानसा पूर आला. शिवाय ओल द्यावयाची ती कागदाच्या पाठीला, मीही ती पाठीलाच देत होतो. पण मानपत्राने मधल्या काळात कूस बदलली होती. पाण्याच्या शाईने पाण्याला ओळखले. किरमिजी रंग वाहू लागला, वेली फुलांसकट किनार सोडून मजकुरात शिरल्या, आणि वरच्या ठळक अक्षरांतील ‘गौ’च्या दोन्ही मात्रा धुऊन जाऊन गौरवपत्राचे ‘गारवपत्र’ झाले. ते जैनथकडील एका गुरुजींचे होते. वाळल्यावर त्याची अशी घट्ट सुरळी झाली की तीतून फुंकर घातली असती तर चूल पेटली असती.

इस्त्रीचा प्रयोग मी येथे विस्ताराने देत नाही. इस्त्रीही आता घरात नाही.

या अवस्थेत मला एका वृद्ध गृहस्थांची आठवण झाली. त्यांनी नव्वदी ओलांडली असून त्यांचे वडील निजामशाहीत तालुकदाराच्या कचेरीत पेशकार होते. त्यामुळे कागद, मोहोर, दस्तऐवज या विषयांत त्यांचा शब्द गावात अखेरचा मानतात. त्यांनी सर्व कैफियत डोळे मिटून ऐकली.

“पाण्याचीच शाई आमचीही होती,” ते म्हणाले. “काजळ, डिंक आणि पाणी. बोरूनं लिहायचं आणि वर बारीक वाळू टाकायची. वरची ओल ती घेऊन जायची. पण कागद कोणता? दौलताबादकडच्या कागजीपुऱ्याचा, हातानं केलेला, खळ देऊन दगडानं घोटलेला. त्याचे तंतू चहूकडं विखुरलेले. एका बाजूला वळायचं असं त्यांच्यात एकमतच व्हायचं नाही.”

एकमत न होण्याचा असाही उपयोग असतो हे ऐकून मला आमच्या समितीबद्दल प्रथमच आदर वाटला.

“आणि तरी वळला तर?”

“तर वळू द्यायचा!” त्यांनी डोळे उघडले. “तुम्ही लोक कागद सरळ कशाला करता? चांगला कागद नेहमी गुंडाळलेलाच असायचा. सनद गुंडाळलेली, पत्र गुंडाळलेलं, पत्रिका गुंडाळलेली. पुण्याला पेशवे दप्तराचे कागद रुमालांत बांधून राहिले, ते काय विश्वकोशाखाली? सरळ कागद म्हणजे पावती. तिला कोण विचारतो?”

मी नमस्कार करून उठलो. अनुभवी माणसे प्रश्न सोडवीत नाहीत, तो प्रश्नच नव्हे असे पटवून देतात. आणि घरी पोहोचेपर्यंत त्याचा गुण राहतो.

घरी अंगणात उडदाचे पापड चालले होते. सौभाग्यवती, शेजारच्या वहिनी आणि आणखी दोघी-तिघी सावलीत जुनी लुगडी पसरून पापड घालीत होत्या. मी बाजेवर बसून माझे दुःख कोणाला न उद्देशून बोलून दाखविले.

“अहो, पण तुम्ही ते एकाच बाजूनं वाळवलेत ना?” सौभाग्यवती हातातला पापड न थांबविता म्हणाल्या. “पापड एका अंगानं वाळवला की त्याची वाटी होते. घातल्यावर आधी सावलीत ठेवायचा, ओलसर आहे तोवर उलटायचा, आणि पुरता कडक व्हायच्या आत एकावर एक रचून वर पाट दडपायचा. कडक झाल्यावर दडपलात तर तुटेल, नाहीतर उठून बसेल.”

“हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही पापडांबद्दल कधी विचारलंत?”

तीन आठवडे शाईवाला, छापखाना, यार्ड आणि पेशवाई पालथी घालून मी जे शास्त्र गोळा करीत होतो, ते माझ्या अंगणात दर फेब्रुवारीला लुगड्यावर वाळत पडत होते. त्याच रात्री नवा जाबता अमलात आला. दोन्ही बाजूंनी लेप दिलेला, २२० जीएसएमचा मॅट कागद दुकानातून आणला. यंत्राशेजारी एक दिवस बंद वेष्टनातच ठेवून त्याला खोलीची सवय होऊ दिली, आणि छापतेवेळीच फोडला. यंत्राला शाई बेताची सोडण्याचा हुकूम दिला. प्रत्येक मानपत्र सतरंजीवर सावलीत ठेवले, थोड्या वेळाने उलटले, पुन्हा उलटले, आणि अंगात किंचित ओल असतानाच मध्ये कोरे शोषक कागद घालून चळत रचली, वर पाट, पाटावर पाटा आणि पाट्यावर वरवंटा. पण खरी मख्खी निराळीच होती. पापड पाठपोट सारखा वाळला पाहिजे, तर मानपत्राच्या पाठीवरही पोटाइतकीच शाई हवी. म्हणजे दोन्ही बाजू आखडतील आणि कोणाचेच चालणार नाही. पाठीवर काय छापावे, हा प्रश्न मी समितीला विचारला. इतक्या लवकर निकालात निघालेला प्रश्न आमच्या इतिवृत्तात दुसरा नाही.

पाठीवर ११ सभासदांची नावे हुद्द्यांसह आली. ती छापून पाहिली, तर कागद अद्याप पोटाकडे किंचित झुकत होता.

“पाठीवर शाई थोडी कमी पडते आहे,” मी सांगितले.

नावे ठळक झाली. तरी कमी. तेव्हा सहकार्यवाहांनी, केवळ शास्त्रीय दृष्टीने, अध्यक्षांचे छायाचित्र टाकावे असे सुचविले. अध्यक्षांनी केवळ शास्त्रीय दृष्टीने ते मान्य केले. आणि उपाध्यक्षांनी तोल राहावा म्हणून दुसऱ्या कोपऱ्यात आपलेही दिले. अध्यक्ष छायाचित्रात काळ्या कोटात होते, त्याने पुष्कळसे भागले. सरतेशेवटी पाठीवरची शाई पोटावरच्या इतकी झाली, आणि मानपत्र उताण्या-पालथ्या कोणत्याही अंगाने ठेवा, आरशासारखे सपाट राहू लागले. कोणत्या अंगाने कोणाचा गौरव झाला आहे, हे मात्र चटकन कळेना.

समारंभाच्या दिवशी मी व्यासपीठाच्या कडेला त्या ३१ मानपत्रांजवळ, लग्नात मुलीच्या मामाने उभे राहावे तसा उभा होतो. वर पंखे फिरत होते, बाहेर रखरखीत ऊन होते, आणि एकाही कागदाची एकही कड हलत नव्हती. अध्यक्षांनी पहिले मानपत्र दोन्ही हातांनी उचलले. ते पाटीसारखे आडवे राहिले. मी भरल्या डोळ्यांनी सभागृहाकडे पाहिले. कोणी ते पाहत नव्हते.

पहिल्या सत्कारमूर्तींनी मानपत्र घेतले, कपाळाला लावले, छायाचित्रासाठी क्षणभर छातीशी धरले. मग एका हातात नारळ, खांद्यावरून घसरणारी शाल आणि दुसऱ्या हातात मानपत्र अशा पेचात सापडून, त्यांनी ते पोटाशी धरून दोन्ही तळव्यांनी हळुवारपणे गुंडाळले, आणि त्याची सुरळी करून काखेत मारली. दुसऱ्यांनी तेच केले. तिसऱ्या बाई होत्या; त्यांनी आधी शाल पिशवीत घातली आणि मग निवांतपणे, दोन्ही टोके जुळवून, फारच सुबक सुरळी केली. बारावे गुरुजी पुढच्या रांगेतील नातवाला त्या सुरळीनेच गप्प बसण्याची खूण करीत होते. आभारप्रदर्शन लांबले तसतशा तिच्या आणखी कामगिऱ्या दिसू लागल्या: कोणी तीत फुंकर घातली, कोणी तिने पाठ खाजविली, कोणी तिचा पंखा करू पाहिला व ती त्या कामी निरुपयोगी ठरल्याबद्दल तिच्याकडे नापसंतीने पाहिले. एकतिसाव्या मानपत्राची सुरळी झाली तेव्हा शेवटच्या रांगेत बसलेले पेशकारांचे वृद्ध चिरंजीव माझ्याकडे पाहून मान हलवीत होते.

पुढल्या रविवारी जैनथकडील ते गुरुजी घरी आले. चहा झाला, मसुद्याची स्तुती झाली. सोळाव्या ओळीपर्यंत ते पोहोचलेले दिसले नाहीत. मग ते संकोचून म्हणाले, “सर, मानपत्र फार सुंदर आहे. पण एक अडचण येऊन राहिली. ट्रंकेत जागा तेवढी नळीपुरती आहे. गुंडाळून दोरा बांधतो, तर दोरा सुटला की ते उलगडून सरळ होते. दोनदा केलं. काही उपाय?”

मी उठलो, माळ्यावर चढलो, आणि पहिल्या रात्रीच्या ३१ कौलांचा गठ्ठा काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यातून त्यांनी आपल्या नावाची सुरळी शोधून काढली, दोन्ही टोकांना धरून ओढून पाहिली. ती तिळभरही सुटली नाही. “हे पक्कं काम आहे,” ते समाधानाने म्हणाले, आणि सरळ मानपत्र माझ्या टेबलावर ठेवून, ते गारवपत्र काखेत मारून बसच्या वेळेला निघून गेले.